नवा कॅमेरा तुला

बॉल उजव्या बाजूनं उंच आला, निळ्या जर्सीतल्या फॉरवर्डनं तो छातीवर घेतला आणि मी बटण अर्धं दाबून धरलं. व्ह्यूफाइंडरमध्ये तो पोरगा धुक्यातच राहिला. मी बटण सोडलं, पुन्हा दाबलं. धुकंच. तोवर बॉल जाळीत गेला होता, पायऱ्यांवर हलगी घुमायला लागली होती, आणि त्या गोलचा म्हणून मी जो फोटो काढला त्यात एक निळा डाग आणि एक पांढरा डाग, एवढंच होतं.

"मिळाला?" शेजारी बसलेल्या इम्तियाज मुजावरनं विचारलं. तो एका दैनिकाचा फोटोग्राफर, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. कोल्हापुरात फुटबॉलची कुठलीही मॅच असो, गोलपोस्टमागे तो असायचाच.

"फोकसच होत नाहीये," मी म्हणाले.

"नवा कॅमेरा ना? काहीतरी सेटिंग राहिलं असेल."

मी लेन्स काढली, रुमालानं तिच्या पितळी टिकल्या पुसल्या, पुन्हा बसवली. मेनू उघडला. सगळं जिथल्या तिथं होतं. ऑटोफोकस चालू. बॅटरी भरलेली. बटण दाबलं की व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात आकडे उमटत होते, उजेड मोजला जात होता, शटर पडत होतं. फक्त लेन्स हलत नव्हती. सुरुवातीला तर मला वाटलं होतं की नवा कॅमेरा म्हणून आवाज येत नसेल. आमच्या जुन्या कॅमेऱ्याला फोकस करताना 'खर्र' असा मोठा आवाज यायचा, लग्नात अंतरपाटाजवळ उभं राहिलं तर भटजी वळून बघायचे.

समोरच्या गोलमागून मला तोच आवाज आल्यासारखा वाटला. शक्यच नव्हतं, मधे अख्खं मैदान होतं आणि पेठेची निम्मी माणसं ओरडत होती. पण तिथं माझा धाकटा भाऊ भरतेश जुना कॅमेरा घेऊन बसला होता आणि त्याची लेन्स चालत होती.

"हातानं फिरव," इम्तियाज म्हणाला. "आता शोधत बसू नकोस, मॅच जाईल."

मी हातानं फिरवायला लागले. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. जुन्या काळी सगळे हातानंच करायचे, पण त्यांचे व्ह्यूफाइंडर खिडकीएवढे असायचे. या नव्याचा म्हणजे दाराला पाडलेलं भोक. पळता माणूस त्यात स्पष्ट दिसेपर्यंत तो स्पष्ट दिसत असलेल्या जागेवरून पुढं गेलेला असायचा.

ती मॅच माझ्यासाठी नुसती मॅच नव्हती.

आमचा स्टुडिओ शिवाजी पेठेत. 'मगदूम फोटो'. माझे वडील, श्रीपाल मगदूम, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी तिथं तीस वर्षं काढली आणि शेवटच्या दोन वर्षांत त्यांचे गुडघे गेले. पासपोर्ट फोटो, बारशी हे बसून होत होतं, पण लग्न आणि मैदान त्यांना जमेना. आता बाहेरची कामं कुणी बघायची, म्हणजेच पुढं स्टुडिओ कुणाचा, हा प्रश्न घरात पंख्यासारखा डोक्यावर फिरत होता आणि कुणी वर बघत नव्हतं.

शेवटी मीच बघितलं. मी बारावीपासून अण्णांबरोबर जात होते. भरतेश माझ्याहून तीन वर्षांनी लहान, तो कॉलेज सोडून नुकता यायला लागला होता. मी म्हणाले, "अण्णा, आम्हा दोघांना एकच मॅच द्या. फोटो बघून ठरवा."

अण्णांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "मी ठरवलं तर म्हणाल, मी एकाची बाजू घेतली. संपतराव ठरवतील." संपतराव सरनोबत स्पर्धा समितीचे सचिव. दर वर्षी फुटबॉल हंगामाचे फोटो आमच्याकडूनच घ्यायचे.

"चालेल," मी म्हणाले. भरतेशनं नुसती मान डोलावली.

आमच्याकडे दोन झूम लेन्स होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या, जुन्या आणि जड. दोन कॅमेऱ्यांपैकी एकाचं शटर गेलं होतं, म्हणून अण्णांनी त्या मॅचच्या, म्हणजे सेमीफायनलच्या, आदल्या दिवशी नवा आणला. मैदानाच्या गेटवर त्यांनी पिशवीतून दोन्ही कॅमेरे काढले. लेन्स आधीच लावलेल्या होत्या.

"नवा कॅमेरा तुला," ते मला म्हणाले.

"हिला नवा?" भरतेश लगेच बोलला.

"ती मोठी आहे. तुला जुनाच बरा, हाताला सवय आहे."

आमच्या घरात नवी सायकल त्याला, नवा मोबाइल त्याला, मोठी खोली त्याला. पहिल्यांदा नवी वस्तू माझ्याकडे आली होती. मी अण्णांच्या पाया पडले. तिथं, गेटवर, शेंगदाणेवाल्याच्या गाडीसमोर, मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा. सुखी राहा."



संध्याकाळी स्टुडिओत कॉम्प्युटरसमोर आम्ही सगळे बसलो. अण्णा, संपतराव, भरतेश, मी. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आमचं घर स्टुडिओच्या मागंच होतं.

आधी भरतेशचे फोटो लावले. चांगले होते. हेडर घेताना वर उडालेले दोघेजण, गोलकीपरचे ताणलेले हात, मातीवर घसरलेला बचावपटू. थोडे लांबून घेतलेले, पण स्पष्ट.

मग माझे. पहिला धूसर. दुसरा धूसर. तिसऱ्यात खेळाडूच्या मागची जाहिरात कोरल्यासारखी स्पष्ट आणि खेळाडू विरघळलेला. संपतराव पहिल्यांदा खाकरले. मग चहा प्यायले. मग हसून म्हणाले, "पोरीचं लक्ष मॅचवर नव्हतं वाटतं. का हात कापतोय तुझा?"

"कॅमेऱ्याचा फोकस बंद आहे," मी म्हणाले. "लेन्समध्ये काहीतरी झालंय. मुजावरांना विचारा, त्यांच्यासमोर—"

"आण इकडं," अण्णा म्हणाले.

त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावरची लेन्स काढली. भरतेशचा जुना कॅमेरा घेतला, त्याची लेन्स बाजूला ठेवली आणि माझी त्यावर चढवली. कॅमेरा दारात उभ्या आईकडे धरला. 'खर्र.' पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे. 'खर्र.' मग तो संपतरावांच्या हातात दिला.

"बघा तुम्हीच."

संपतरावांनी बघितलं. "चालते की हो. झकास चालते."

"लेन्सला काही झालेलं नाही," अण्णा म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. "लेन्स तीच, मॅच तीच. पद्मा, शेवटी माणसाची नजर पाहिजे. ती यंत्रात येत नाही."

आईनं ट्रे ठेवला. भरतेशनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. तो जिंकला होता पण त्याला बरं वाटत नव्हतं, एवढं मला दिसलं. संपतराव जाताना माझ्या पाठीवर थोपटून गेले, आणि ते थोपटणं मला चपराकीपेक्षा जास्त लागलं.

ते गेल्यावर अण्णा आईला म्हणाले, "सांगलीच्या चौगुल्यांना कळवून टाक. येत्या आठवड्यात बघायला या म्हणावं."

मी तेव्हा भांडले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मला ओळखणाऱ्यांना ते खरं वाटत नाही. मी खोलीत गेले आणि माझे जुने फोटो काढून बघत बसले. ज्या फोटोंवर मी खूश होते त्यांतही मला दोष दिसायला लागले. हा थोडा मऊ आलाय. यात डोळे नाहीत, कान फोकसमध्ये आहे. नशिबानं आले असतील चांगले. यंत्र करत होतं, मला वाटत होतं मी करतेय. माझ्या वडिलांनी सांगितलं होतं की मला नजर नाही, आणि त्यांच्याइतकं ते ओळखणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नव्हतं.

सकाळी मी स्टुडिओ झाडायला गेले तेव्हा दोन्ही कॅमेरे टेबलावरच होते. अण्णा देवळात गेले होते, भरतेश उठला नव्हता. का कोण जाणे, मी भरतेशची लेन्स उचलली आणि नव्या कॅमेऱ्यावर चढवली. काल माझी लेन्स त्याच्या कॅमेऱ्यावर चालली होती. उलट कुणी करून बघितलं नव्हतं.

मी बटण दाबलं. शांत. पुन्हा दाबलं. शांत.

म्हणजे लेन्स नव्हे, कॅमेरा बिघडलेला होता!

मला इतका आनंद झाला की मी झाडू तिथंच टाकला. नवा कोरा कॅमेरा, कारखान्यातूनच खराब आलेला. अण्णांना बिचाऱ्यांना तरी कसं कळणार? तो बदलून आणायचा, सगळ्यांना दाखवायचं, संपतरावांना बोलवायचं आणि फायनलला आम्ही दोघांनी पुन्हा फोटो काढायचे. मी चप्पल घालून निघाले ती थेट राजारामपुरीत बेल्लदांच्या दुकानात.

बसवराज बेल्लद कॅमेरे विकायचे. बोलघेवडा माणूस. शटर नुकतं वर केलं होतं, उदबत्ती हातातच होती.

"अण्णांची पोर ना तू? बस बस. कसा वाटला नवा कॅमेरा?"

"बिघडलेला आहे काका. फोकसच होत नाही. बदलून द्या."

त्यांनी माझ्या पिशवीतून कॅमेरा आणि लेन्स काढली, एकदा बघितलं आणि हसले. "बिघडलाय कुठं? या लेन्सवर तो असाच राहणार. याच्यात मोटर नाही."

"म्हणजे?"

"हे बघ." त्यांनी कपाटातून दुसरा, मोठा कॅमेरा काढला आणि त्याचं तोंड माझ्याकडे केलं. लेन्स जिथं बसते त्या स्टीलच्या कड्यावर, एका बाजूला, स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखं काहीतरी बारीक बाहेर आलेलं होतं. "ही दांडी दिसते? आत मोटर आहे. तू बटण दाबलंस की मोटर ही दांडी फिरवते. आणि लेन्सच्या मागं बघ, इथं खाच आहे. दांडी खाचेत बसते आणि लेन्सची चाकं फिरवते. तुमच्या लेन्स जुन्या, त्यांच्या पोटात स्वतःची मोटर नाही. त्यांना ढकलायला कॅमेऱ्यातली मोटर लागते. तो खर्र आवाज येतो ना, तो याचाच."

मग त्यांनी माझ्या कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं. कडं गुळगुळीत होतं. दांडी नव्हतीच.

"आता नव्या लेन्समध्ये मोटर आतच असते. कॅमेऱ्यानं तारेतून नुसतं सांगायचं, लेन्स आपली आपण हलते, आवाजही नाही. म्हणून कंपनीनं हे छोटे कॅमेरे मोटर काढूनच बनवले. हलके होतात, स्वस्त पडतात. नवी लेन्स घेतलीस तर पळेल बघ हा."

मी त्या गुळगुळीत कड्यावरून बोट फिरवत होते. सगळा कॅमेरा धडधाकट होता. त्यात काही मोडलेलं नव्हतं. तो माझ्या लेन्सला हलवूच शकत नव्हता, एवढंच.

"मग अण्णांना सांगायचं नाही का तुम्ही?" मी रागानं म्हणाले. "फसले ना ते!"

बेल्लदांनी उदबत्ती देवाला लावली. "फसले? अगं, त्यांनीच विचारलं. मी त्यांना आधी मोटरवाला दाखवला होता, म्हटलं तुमच्या लेन्स त्याच्यावर चालतील. ते म्हणाले, तो नको. मोटर नसलेला कुठला? मी म्हटलं हा. तर दोनदा विचारलं, जुनी लेन्स याच्यावर नक्की हलणार नाही ना? मला वाटलं, नव्या लेन्स घ्यायचा विचार असेल, म्हणून—"

ते पुढं काय बोलले मला माहीत नाही.

दुकानातून स्टुडिओपर्यंत मी चालत आले. रिक्षा मिळत होत्या. मला बसवत नव्हतं. रस्त्यात कुणीतरी ओळखीचं हाक मारून गेलं. नक्की हलणार नाही ना. दोनदा विचारलं. मी पाया पडले होते. आणि त्यांनी हात ठेवला होता डोक्यावर.

स्टुडिओत पेन्शनच्या फोटोसाठी एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसले होते. टोपी नीट करत होते. अण्णा त्यांची हनुवटी वर करत होते, आणि भरतेश दिव्याची छत्री धरून उभा होता.

मी कॅमेरा टेबलावर आपटला.

"काय गं?" अण्णा म्हणाले. "हळू. नवा आहे तो."

"यात मोटर नाही."

त्यांचा हात म्हाताऱ्याच्या हनुवटीखालीच राहिला.

"बेल्लदांकडून आलेय मी. तुम्ही मागून घेतलात. मोटर नसलेला द्या म्हणालात. दोनदा विचारलंत."

"गिऱ्हाईक बसलंय, पद्मा."

"बसू दे!"

"मी नंतर येऊ का?" म्हातारे म्हणाले.

"बसा तुम्ही," अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. आवाज चढला. "तुला काय म्हणायचंय? बापानं फसवलं? हे म्हणायला लाज नाही वाटत? चार लोकांत—"

"काल चार लोकांतच म्हणालात ना, मला नजर नाही! माझी लेन्स काढून त्याच्या कॅमेऱ्यावर लावून दाखवलीत. सगळं माहीत असून. त्या संपतरावांच्या हातात दिलीत, बघा म्हणालात!"

आई आतून धावत आली. "काय झालं? कशाला ओरडालीस?"

"विचार यांना."

"अण्णा," भरतेशनं छत्री खाली ठेवली. "ही काय म्हणतेय?"

अण्णा खुर्चीवर बसले. गुडघा चोळायला लागले. दुखत नसतानाही ते तो चोळायचे, वेळ काढायला. मी तेही ओळखून होते. मी टेबलावरचा जुना कॅमेरा उचलला, लेन्स काढली, आणि दोन्ही कॅमेऱ्यांची तोंडं भरतेशसमोर धरली. "हे बघ. इथं दांडी आहे. इथं आहे का? माझी लेन्स हलणारच नव्हती. पूर्ण मॅच मी दाबत बसले असते तरी हलणार नव्हती."

भरतेशनं बघितलं. त्याला लगेच कळलं. त्याला कॅमेरे कळायचे, कुणी काही म्हणो.

"का?" तो अण्णांना म्हणाला.

"का म्हणजे? उद्या ही लग्न होऊन जाईल. स्टुडिओ काय सांगलीला नेणार?"

"मग तसं सांगायचं होतं," मी म्हणाले. "सांगायचं, पद्मा, तू मुलगी आहेस, स्टुडिओ भरतेशला देतोय. मी भांडले असते. रडले असते. चार दिवस जेवले नसते. पण तो तुमचा अन्याय झाला असता अण्णा, माझा दोष झाला नसता. तुम्ही माझा माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास उठवलात. रात्रभर मी माझे फोटो बघून स्वतःला शिव्या देत होते."

"पद्मा, पुरे," आई म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

आईनं पदर तोंडाशी नेला.

"स्पर्धा लावलीत कशाला?" मी ओरडले. "खोटीच करायची होती तर लावलीत कशाला?"

"तूच म्हणालीस स्पर्धा लावा म्हणून!" आता अण्णाही ओरडले. "मी म्हणालो होतो? तू अडवलंस मला! नाही म्हटलं असतं तर तू गप्प बसली असतीस? आणि खरी लावली असती तर काय झालं असतं, माहीत आहे मला. तू जिंकली असतीस!"

त्यांनाही कळलं आपण काय बोललो ते, पण आता थांबता येईना.

"तू जिंकली असतीस. मग ह्याचं काय? तू कुठंही जाशील, कुठंही चार पैसे मिळवशील. हा काय करणार? कॉलेज झेपलं नाही, नोकरी कोण देणार? ह्याला हे दुकान नाही दिलं तर हा रस्त्यावर येईल. बापानं दोघांचंही बघायचं असतं. तुला नाही कळायचं ते."

मला वाटलं होतं की खरं बाहेर आलं की मला सुटल्यासारखं होईल. माझ्या वडिलांनी माझं कौतुक केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा, स्पष्ट शब्दांत. आणि त्या कौतुकाचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

पण मी काही बोलायच्या आत भरतेश बोलला. अगदी हळू.

"मी हरलोच असतो?"

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं, तो खोलीत आहे हे ते विसरले होते.

"तसं नव्हे रे—"

"मग कसं? मी चार आठवडे सराव केला. रोज पहाटे तालमीच्या फुटबॉलच्या पोरांबरोबर मैदानावर जात होतो. तुम्ही बघितलंत तरी का ते फोटो?"

स्टुलावरचे म्हातारे टोपी हातात घेऊन उठले आणि पाय न वाजवता बाहेर गेले. भरतेश त्यांच्या मागून गेला.

तो मला संध्याकाळी मैदानावरच सापडला. पायऱ्यांवर एकटा बसला होता. खाली पोरं सरावाला उतरली होती, प्रशिक्षक शिट्ट्या मारत होता. मी त्याच्याजवळ बसले.

"अक्का," तो म्हणाला. "खरं सांग. हरलो असतो मी?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. त्याला बरं वाटलं असतं. पण घरात त्या दिवसापुरतं खोटं पुष्कळ झालं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "कुणालाच माहीत नाही. मॅच झालीच नाही ना आपली."

त्यानं हातातल्या खड्यानं पायरीवर रेघ ओढली.

"परत लावूया," मी म्हणाले. "फायनल आहे रविवारी. बेल्लदांकडून मोटरवाला भाड्यानं आणते मी. दोघांना सारखं. संपतराव नकोत, मुजावरांना दाखवू."

त्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यानं मान हलवली. "नको."

"का नको?"

"अण्णांचं खरं निघालं तर?"

मी त्याच्यावरही चिडले. भित्रा म्हणाले, आयतोबा म्हणाले, अजून बरंच म्हणाले. तो ऐकून घेत राहिला. पोरं सराव संपवून गेली, माळ्यानं पाण्याची नळी सोडली, तरी मी बोलत होते. शेवटी थकले तेव्हा लक्षात आलं, की मी त्याला जे जे म्हणत होते ते सगळं अण्णांना म्हणायचं होतं.

मी कोल्हापूर सोडलं. इम्तियाजनं पुण्यातल्या एका दैनिकात शब्द टाकला, चौगुले सांगलीहून आले तेव्हा मी पुण्यात हडपसरला कुठल्याशा कबड्डीच्या मैदानावर गुडघ्यावर बसले होते. पुढं खेळाचे फोटो हेच माझं काम झालं. देशभर फिरले, बाहेरही गेले. घरी सणावाराला जात राहिले. भरतेशनं स्टुडिओ चालवला, आणि नीट चालवला. लग्नाची कामं त्याच्याकडे इचलकरंजीपर्यंतून यायची. आमच्यात त्या मॅचचा विषय पुन्हा निघाला नाही. अण्णांनी तर माफी सोडाच, तो कॅमेरा कधी घरात होता हेही मान्य केलं नाही.

पंधराएक वर्षांनी ते आजारी पडले. डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. मी भेटायला गेले तेव्हा ते स्टुडिओत आरामखुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी. भरतेश शेजारच्या कॉम्प्युटरवर कुणाचा तरी अल्बम लावत होता.

"बरं झालं आलीस," अण्णा म्हणाले. "माझा एक चांगला फोटो काढ. नंतर भिंतीवर लावायला लागेल. बघ, तयारच होऊन बसलोय."

"भरतेश आहे की," मी म्हणाले.

"त्याचं राहू दे," त्यांनी हात झटकला. आवाज खाली घ्यायचीही त्यांना गरज वाटली नाही. "हा कायमचा फोटो आहे. तूच काढ."

भरतेशचा माउसवरचा हात थांबला. पाठ तशीच. मान किंचित खाली गेली.

माझ्या खांद्याला पिशवी होती आणि त्यात माझे दोन्ही कॅमेरे होते. समोर मरायला टेकलेले वडील होते, आणि ते मला जे देत होते त्यासाठी एके काळी मी काहीही केलं असतं. मला दया यायला हवी होती. मला आला तो राग, त्या दिवशीचाच, जराही न विटलेला.

मी पिशवी खांद्यावरून काढलीच नाही.

"भरतेश," मी हाक मारली. "अण्णांना फोटो काढून पाहिजे. दिवे लाव."

"पद्मा, मी काय म्हणालो—"

"सरळ बसा, अण्णा. टोपी वाकडी झालीय."

भरतेश उठला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. दिवे लावले, छत्री वळवली, कॅमेरा घेतला आणि अण्णांच्या समोर जाऊन एका गुडघ्यावर बसला. त्यानं घाई केली नाही. अण्णा एकदा काहीतरी बोलायला गेले, तर तो शांतपणे म्हणाला, "तोंड मिटा," आणि त्यांनी मिटलं.

तो फोटो आता तिथं भिंतीवर आहे. कपाळावरची प्रत्येक सुरकुती, पापणीचा केसन्‌केस दिसतो. अण्णांचे डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, जरा बाजूला आहेत आणि संतापलेले आहेत. तिथं मी उभी होते.

फार चांगला फोटो आलाय.